डावा खिसा

१२ जाने. २००२
तिरुचीहून घरी. यांच्या छातीत डावीकडे, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलंय. पेसमेकर. हृदय रेंगाळलं की ते ढोसतं म्हणे. निघताना डॉ. म्हणाले, मोबाईल डाव्या खिशात नको. यंत्रापासून वीतभर लांब, बोलताना उजव्या कानाला. काही होईलच असं नाही, पण यंत्र चुकू शकतं. स्वारीने नंदीबैलासारखी मान डोलावली. घरात पाऊल टाकलं आणि मोबाईल कुठे? डाव्या खिशात!

१५ जाने.
"मग कोठें ठेवूं? वेष्टीला खिसा असतो कां?"
घ्या! धोतराला खिसा नाही ही सबब. खरं म्हणजे पांढऱ्या शर्टातून फोनचा दिवा दिसला पाहिजे, अँटेना वर डोकावली पाहिजे. रिटायर माणूस, फोन येतात कोणाचे? राँग नंबरचे. घरात चांगला फोन असताना हे राजवाड्याच्या गल्लीत उभे राहून ओरडतात. पोरं तमिळ शाळेत शिकली, त्यांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून इथे तरी मोकळं लिहिते. हे म्हणजे गाढव आहेत.

२१ जाने.
वेष्टीच्या कमरेच्या घडीत खोचून पाहिला. वजनाने वेष्टी सुटली. भर बाजारातून दोन्ही हातांनी धरून आले. मी हसले नाही. (हसले.) संध्याकाळी फोन पुन्हा छातीवर.

२ फेब्रु.
यांचे सगळे शर्ट काढले. डावे खिसे उसवले, उजवीकडे शिवले.
"सट्टैला उजवीकडे खिसा! लोक हसतील."
"हसूं देत. रडण्याहून बरं."
रागाने जेवले नाहीत. दुपारी डब्यातला मुरुक्कू मात्र संपला.

९ फेब्रु.
घालतात ते शर्ट. फुगून, पण घालतात. झोपले की मी छातीवर हात ठेवून पाहते. ठोके नीट पडतात. मला भीती वाटते. मी यांच्यावर चिडले की जरा कमी वाटते, इतकंच.

१७ फेब्रु.
ओरत्तनाडूला पुतण्याचं लग्न. माझा गुडघा सुजलेला, म्हणून हे एकटेच गेले. संध्याकाळच्या बसने परत येणार होते. आताच वन्सं आल्या, यांची धाकटी बहीण, आधीच्या गाडीने. हसू आवरेना.
"वहिनी, दादाचा उजवा खिसा पाहून सगळा मांडव हसला गे! मग आहेराची रेशमी सट्टै तिथेंच घातली. मापिळ्ळै कोण, नवरा कीं दादा, कळेना!"
"आणि फोन?"
"खिशांत. ऐटींत!"
आहेराच्या शर्टाचा खिसा कुठे असतो ते मला कोणी सांगायला नको. चार टाळकी हसली म्हणून जीव टांगणीला लावायचा. मूर्ख.

दिवेलागण झाली. संध्याकाळची बस येऊन गेली, हे नाहीत. लग्नघरचा फोन कोणी उचलत नाही. यांचा नंबर फिरवला, शेवटच्या आकड्यावर बोट थांबलं. वाजणार तो यांच्या छातीवर. रिसीव्हर खाली ठेवला. परत उचलला. परत ठेवला.
माझ्याच्याने होत नाही. तुम्हीच मला फोन करा हो. उजव्या कानाला लावा, पण करा.