पोपच्या खिळ्यावर

टूवूंबा, ऑस्ट्रेलिया,
१२ जून २०२१

ति. प्रल्हाददादास,
सा. न. वि. वि.

वहिनी आणि तनया बऱ्या असतील. इथे थंडी सुरू झाली आहे. सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठलेलं असतं, ते खरवडून हॉस्पिटलला जावं लागतं. माझी तब्येत उत्तम. तुझे फोन मी घेत नाही, कारण फोनवर तू समजूत घालतोस आणि मी ऐकून घेतो. पत्रात तुला मध्येच बोलता येणार नाही.

आधी एक विचारतो. पोप कुठे आहे?

हॉलमधला, अप्पांनी रंगवलेला. इटलीतल्या जुन्या तैलचित्राची छापील प्रत समोर ठेवून ड्रॉइंग मास्तर असलेल्या आपल्या वडिलांनी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्याच्यावर घालवली होती. लाल मखमली टोपी, खुर्चीचा हात घट्ट धरलेला, नजर खाली. हा म्हातारा रुसलाय का, असं आपण विचारलं होतं. अप्पा म्हणाले, "लढाईत याच्या हातचं शहर गेलं. तेव्हा पोप दाढी राखत नसत, याने राखली. शत्रू हटेपर्यंत वस्तरा लावणार नाही म्हणाला. आणि चित्रकारासमोरही तसाच बसला, बघा." त्यांना त्याचं तेच आवडायचं.

व्हिडिओ कॉल तू नेहमी त्याच्याखाली बसून करायचास. मेमध्ये एकदम बेडरूमच्या पडद्यासमोर बसायला लागलास. हॉलमध्ये म्हणे रेंज नाही. अप्पा कुठे? "झोपलेत." "घसा बसलाय, बोलवत नाही त्यांना." मी डॉक्टर आहे, दादा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर खोदून खोदून विचारलं असतं. तू सांगितलंस म्हणून गप्प बसलो.

आणि मग तुझं टक्कल. पुण्यात सलून बंद, लोक घरोघरी मशीन फिरवत होते. मला वाटलं, तूही फिरवलंस. मी पोट धरून हसलो. "दादा, काय हा चमनगोटा!" म्हणालो, स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवला. तूही हसलास. अप्पांचा दहावा करून आलेला माणूस माझ्याबरोबर हसला!

गेल्या रविवारी मांजराची पिल्लं दाखवायला तनया फोन घेऊन घरभर पळाली नसती, तर मला आजही कळलं नसतं. पळताना पोपच्या खिळ्यावर अप्पांचा फोटो दिसला. चंदनाचा हार घातलेला. मी म्हटलं, बाळा, थांब जरा. ती थांबली आणि रडायला लागली. एवढ्याशा पोरीला तू शपथ घातली होतीस.

तुझा मेसेज वाचला. "सांगून काय झालं असतं? विमानं बंद. एकटा रडत बसला असतास." हो, बसलो असतो! तेवढंच माझ्या हातात होतं, तेही तू काढून घेतलंस. कुणी दिला तुला हा अधिकार? ऐन सुतकात मी रोज सकाळी गुळगुळीत दाढी करत होतो, कारण दाढीवर आमचा मास्क घट्ट बसत नाही. तू तेराव्याची पानं वाढत होतास आणि मी कुणाच्या तरी वाढदिवसाला केक खात होतो.

बेडसाठी तू किती वणवण केलीस, ते तनयाने सांगितलं. अप्पा गेले यात तुझा दोष नाही, हे मला कळतं. राग त्याचा नाहीच. राग याचा, की तू सगळं एकट्याने केलंस आणि मला माझ्याच घरात पाहुणा करून ठेवलंस.

रविवारपासून मी दाढी करणं सोडलं आहे. वॉर्डात ते चालत नाही, म्हणून बॉसला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "नो वरीज, मेट. टेक युवर टाइम." मला फोनवरच्या ओपीडीत बसवलंय. इथल्या सरकारकडून देशाबाहेर जायची परवानगी कधी मिळेल, कुणालाच ठाऊक नाही. मिळेल त्या दिवशी निघेन. तोवर वस्तरा लावणार नाही.

पोप माळ्यावर टाकला असशील तर काढ, पूस आणि अप्पांच्या शेजारी लाव. न्हाव्याला सांगून ठेव. त्या दोघांच्या देखत मी डोक्यावरचे केस आणि दाढी उतरवीन. तू समोर बसायचंस. आणि दादा, त्या दिवशी हसून दाखव.

वहिनींना नमस्कार. तनयाला म्हणावं, काका तिच्यावर रागावलेला नाही.

अप्पांचा धाकटा,
विश्राम