एडन पाहिलं, त्या दिवसाचं

अब्बा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि होतात तेव्हाही तुम्हाला वाचता येत नव्हतं. तरी लिहितो आहे. कारंजा गावात ज्यांना हे सांगावं अशी माणसं उरली नाहीत, आणि जी आहेत त्यांना मी वेगळंच सांगून ठेवलं आहे. अम्मा आता तुमच्याजवळ असेल तर तिनं माझी बाजू घेतली असेल. ती नेहमीच घ्यायची. तिचं ऐकू नका.

तुमच्या कापड रंगवायच्या दुकानात मी एकदा गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेलो होतो. तुम्ही मारलं नाहीत. माझा हात कोपरापर्यंत निळीच्या रांजणात बुडवलात आणि म्हणालात, "आता फिर गावात पंधरा रोज. लोक इचारतीन, हे काय रे? तूच सांगजो काय केलं ते." रंग गेला. राग गेला नाही. त्याहून पक्का आठवतो तो धनजचा दिवस, दादीला माती दिली तो. कबरीवर चादर धरलेली आहे, परके पुरुष पाठ करून उभे आहेत आणि तुम्ही एकटे खाली उतरलेले. बाईच्या मयतीला मेहरमनंच हात लावायचा, नवरा नाहीतर सख्खा रक्ताचा पुरुष, हे मला तेव्हा कळलं. वर आलात तेव्हा गुडघ्यांना काळी माती होती. म्हणालात, "मायले पोरानंच उतरवाव, बाबू. ध्यानात ठेवजो." मी ध्यानात ठेवलं होतं, अब्बा. विसरलो म्हणून झालं नाही.

मंगरूळच्या मामूची धाकटी तुम्ही पाहिलीत ती परकरातली. मी अमरावतीला कॉलेजात होतो आणि तिची सोयरीक अकोल्याला ठरली. पत्र आलं तसा परीक्षा टाकून निघालो आणि दर्ग्यासमोर भर बाजारात मामूची गचांडी धरली. मामू हसला फक्त. "भाचे, पोरगी मांगाले आला का कुस्ती खेळाले?" लोक हसले. ती खिडकीत होती की नाही, अजून कळलेलं नाही. कॉलेजात परत गेलोच नाही. महिनाभरानं अम्मा म्हणाली, "मले हजले जायाचं हाय. मेहरम पाह्यजे. तू चाल." तिला आणखी एक सख्खा भाऊ होता, तो हाजी होता, त्याला सगळी वाट माहीत होती. पण तिनं मला नेलं, म्हणजे लग्नाच्या दिवसांत मी इथं नसेन.

बोटीत चौथ्या दिवसापासून तिला ताप. खाली, लोखंडाच्या तापल्या भिंतीशी तिचा बिछाना, शेजारी बाळापूरची एक म्हातारी. एडनला कोळसा भरायला बोट थांबली आणि दुपारच्या भोंग्यापर्यंत उतरायची परवानगी मिळाली. मी पायजम्याची नाडी बांधतो आहे आणि अम्मा पडल्या पडल्या बघते आहे. "काय हाय तिथी पाहाले? डोंगरच त हायेत." मी म्हटलं, "मंग डोंगर पाहतो." "लवकर येजो. मले एकटीले गमत नाही." म्हातारी म्हणाली, "जाऊ दे व, जवान पोरगं हाय. मी हाओ ना."

जळालेल्या तव्यासारखे डोंगर, अब्बा. झाड नाही, गवताची काडी नाही. उंट पाण्याच्या गाड्या ओढतात. एका घोडागाडीवाल्यानं, सोमाली होता, हिंदुस्थानी बरी बोलायचा, मला डोंगराच्या पोटातले जुने हौद दाखवले. एकाखाली एक, मोठमोठे, कोरडे. तळाशी बकऱ्या बसलेल्या. मी ते शहर एकट्यानं पाहिलंच नाही. मामूच्या पोरीला मनातल्या मनात दाखवत हिंडलो. हे बघ हौद, हा बघ उंट, पदर सांभाळ, धूळ आहे. बंदराजवळच्या दुकानात पोवळ्यांची माळ घेतली. दुकानदार गुजराती, म्हणाला, "घरवाली के लिये?" मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला तसं विचारलं आणि मी तसं सांगितलं. मग कॉफीच्या टपरीवर बसलो.

बोट गेली. धक्क्यावर पोचलो तेव्हा ती समुद्रात एवढीशी दिसत होती. आठ दिवसांनी दुसरी बोट मिळाली. जेद्द्याला उतरलो, तर बाळापूरची म्हातारी मला पाहून आधी रडली, मग बोलली. अम्मा एडन सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी गेली होती. "तुलेच इचारून राह्यली व्हती रे. मी सांगे, वर हाय तुझा पोरगा, हवा खाऊन राह्यला. तुई माय म्हने, त्याले म्हना टोपी घालजो, ऊन हाय." म्हातारीनं आणि दोघी-तिघींनी तिला न्हाऊ घातलं, चादर धरली. "मंग मौलवीसायबानं पुकारलं, मेहरम कोन? दोन डाव पुकारलं बाबू. कोनी पुढं आलं नाही. मंग खलाश्यायनंच फळी उचलली." इतकंच. समुद्रात खूणही राहत नाही. तिथं उतरून उभं राहायला मातीही नाही.

माळ मी जेद्द्याच्या बाजारात कुणाच्या तरी हातात देऊन टाकली. मामूच्या पोरीला आता मूल आहे. मी तुमचं दुकान उघडतो; रंग माझ्या हातून तुमच्यासारखा बसत नाही.

लोकांना मी सांगितलं की गाडीवाल्याशी भांडण झालं, हातघाईवर आलं, म्हणून बोट चुकली. सगळ्यांना पटलं. मामूसुद्धा म्हणाला, "याचं डोकं असंच हाय, काय करता." माझा राग सगळ्यांच्या ओळखीचा, कुणी पुढं विचारलं नाही. हा कागदही मी कुणाला दाखवणार नाही; मौलवीकडून तुमच्या कबरीशी वाचून घेण्याचं मनात आलं होतं, पण मग मौलवीला कळलं असतं.

भांडण झालं नव्हतं, अब्बा. गाडीवाला भला माणूस होता. भोंगा वाजला तेव्हा त्यानं माझ्या हाताला धरून उठवलं, "चलो बाबू, जहाज जायेगा." वेळ होता. मी हात सोडवून घेतला आणि आणखी एक कॉफी मागवली.