स्थिर आवृत्ती निघेपर्यंत

३ मार्च
पोहोचलो. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीशी टेबल, समोर शाळेची भिंत. नोकरी लागताच आयतं घरही मिळावं, याला नशीब म्हणतात. काम असं: इतरांचे प्रोग्राम नीट चालतात का हे तपासणारं एक फ्रेमवर्क, सगळ्या जगाला फुकट. ते दादांनी (सगळे त्यांना दादाच म्हणतात) उभं केलं आणि वर्षानुवर्षं एकट्यानं ओढलं. नवी स्थिर, म्हणजे सगळ्यांनी बिनधास्त वापरावी अशी, आवृत्ती अर्ध्यावर असताना, जानेवारीत, ते याच खुर्चीत गेले. त्यांचा कॉम्प्युटर त्यांच्या पत्नी, वहिनी, खोलीबाहेर हलवू देत नाहीत, म्हणून संस्थेनं मला इथं धाडलंय. वहिनी म्हणाल्या, जेवणाखाण्याचं माझ्यावर सोडा, तेवढं ह्यांचं काम तडीस न्या.

६ मार्च
एक चूक बुजवली की दुसऱ्या दोन डोकं वर काढतात. कुठकुठले लोक रागावून लिहितात, जणू मी त्यांच्या घरचा गडी. एक चाचणी सकाळपासून नापास होत होती. कंटाळून खाली जेवायला गेलो, परत येतो तर पास. दुरुस्ती माझ्याच नावानं नोंदलेली, आणि मला बापजन्मी सुचली नसती इतकी नेटकी. दमल्यावर आपण काय करतो ते आपल्यालाच आठवत नाही, असं म्हणून सोडून दिलं.

१० मार्च
पुन्हा तसंच. संस्थेतल्या एका जुन्या माणसानं कळवलं की हल्ली माझी उत्तरं वाचून दादांचीच आठवण येते. मी दादांना कधी भेटलो नाही. पाठ धरलीय. वहिनींना सांगितलं, तर म्हणाल्या, ह्यांचीही डावीकडेच दुखायची. मी बाजू सांगितली नव्हती.

१४ मार्च
आवृत्ती निघाली. सगळ्या चाचण्या पास, अभिनंदनांचा ढीग. आनंद व्हायलाही त्राण नव्हतं. बॅग भरली, वहिनींचा निरोप घेतला, जिना उतरू लागलो. इथवर आठवतं. मग एकदम खुर्चीत होतो. कपडे कपाटात लावलेले. पडद्यावर नव्या तक्रारी, आणि प्रत्येकीखाली माझं उत्तर.

१५ मार्च
चहा आणला तेव्हा वहिनींनी ‘अहो’ अशी हाक मारली. मी ओ दिली. त्यांनी चष्मा पुढं ठेवला. मला चष्मा नाही. नव्हता. लावला तर अक्षरं स्पष्ट —

१६ मार्च
उठवत नाही. ताईचा फोन. माझी सख्खी बहीण, आणि विचारते, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. तिनं ते पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली, ते तर जानेवारीत वारले ना?

मी माझंच नाव सांगितलं होतं. बहुतेक —

रडतेय. माझ्या भावाला फोन द्या म्हणतेय. देतो म्हटलं. हाका मारतोय. खोलीत दुसरं कुणी —

वहिनींना विचारलं. म्हणाल्या, तो पोरगा होय, तो तर परवाच गेला. गेला म्हणजे