टिकलीला दिलेल्या तीन गोळ्या

९ नोव्हेंबर, रविवार
टिकली आज जिना चढली नाही. पहिल्या वळणावर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली. वरून हाक मारली, बिस्किट दाखवलं. शेपटी हलवत राहिली, उठली काही नाही. शेवटी उचलून दुसऱ्या माळ्यावर आणली. बावीस किलो. दारात पोचेपर्यंत माझाच दम निघाला.
वनिता म्हणाली, "थंडी पडून राहिली ना जी. आंग आखडलं असंन तिचं. तेल चोळून पाहतो."
असेल. आठ वर्षांची झाली. सापडली तेव्हा कुत्र्याचं एवढंसं पिल्लू, माझ्या ओंजळीत मावत होती. कपाळावर तपकिरी ठिपका, म्हणून टिकली.

११ नोव्हेंबर
सकाळी ती उठताना मुद्दाम पाहिलं. आधी पुढचे पाय ताणते. मग मागचा भाग ओढत वर घेते, मध्येच थांबते, परत ओढते. पाच-सहा पावलं लंगडते, मग बरी चालते. बरी चालली की मला वाटतं, काही नाही, उगाच आपलं. आणि दुपारी झोपून उठली की परत तेच.
दिवसभर इतवारीत, भांड्यांच्या दुकानात. गिऱ्हाईकाला कुकर दाखवायचा होता, मी हंडा काढून ठेवला. शेठ बघत होते.

१४ नोव्हेंबर
उजव्या बाजूचा खुबा सारखा चाटते. तिथले केस विरळ झाले. डाव्या मांडीवरून हात फिरवला, मग उजव्या. परत डाव्या, परत उजव्या. उजवी बारीक झाली आहे. स्वयंपाकघरात फरशीवर मागचे पाय फाकतात, घसरते. दिवाणावर उडी मारणं कधी बंद झालं तेही आठवत नाही. दिवाळीच्या आधी की नंतर?
वनिताला सांगितलं नाही.
आईचं असंच सुरू झालं होतं. पाय दुखते, पाय दुखते. आम्ही तेल चोळत राहिलो. मग एकदाचा पायाचा फोटो काढला, एक्स-रे. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि माझ्याकडे न बघता बाबांकडे बघितलं. हाडाचा कॅन्सर. चार महिने.
टिकलीचा फोटो काढायचा नाही. निदान सध्या नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज वाईट झालं. वनिता तिला विंचरत होती. फणी खुब्यापाशी गेली आणि टिकली गर्रकन वळली. वनिताच्या मनगटाला दात लागले. रक्त नाही, दोन लाल खुणा. लस वेळेवर दिलेली आहे, तरी साबण लावून बराच वेळ धुतलं, वनिताला इंजेक्शनही देऊन आणलं.
टिकली दिवाणाखाली जाऊन बसली. कान पाडून. वनितापेक्षा तीच जास्त घाबरलेली.
"आठ वर्षांत कधी गुरकावली नाही ते. तिले दुखून राहिलं जी. दवाखान्यात नेऊ."
मी म्हटलं, लग्नसराई आहे, दुकान सोडता येत नाही, पुढच्या आठवड्यात बघू.
खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

१८ नोव्हेंबर
वनिता शिवलेले ब्लाउज द्यायला सीताबर्डीला गेली होती. मी दुकानातून लवकर आलो. टिकली उठायला बघत होती आणि कण्हली. कुत्रं असं कण्हतं हे माहीत नव्हतं.
माझ्या कंबरेच्या गोळ्या डब्यात होत्या. मला एका गोळीत आराम पडतो. पोळीच्या तुकड्यात घातली, वर थोडं तूप. लगेच खाल्ली तिने. माझा हात चाटला.
संध्याकाळी जिना चढली! स्वतःहून, दोन्ही माळे. वनिता दारातच टाळ्या वाजवत, "पाहा! माझ्या तेलानं फरक पडला की नाही?"
हो म्हटलं. मीही हसलो.

२० नोव्हेंबर
काल एक दिली. आज एक. वनिता घरात नसताना. बरी चालते. दवाखान्याचा विषय वनितानेही काढला नाही.
एवढंच होतं तर इतके दिवस घाबरलो कशाला.

२१ नोव्हेंबर
सकाळपासून खात नाही. दुपारी पिवळं ओकली. पाणी पिते, ते पण ओकते. गोळी दिली नाही.
काही नसेल. पित्त असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार
हे लिहायलाच पाहिजे. कोणाला सांगता येत नव्हतं तेव्हा इथे लिहिलं, आता हेही इथेच.
सकाळी तिची शी काळी झाली. डांबरासारखी, चिकट, वास वेगळाच. उलटीत पण काळसर कण. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. वनिता म्हणाली, विष. कोणीतरी विष घातलं. आणि मी तोंड उघडायच्या आत ती जिना उतरून खाली देशकर काकूंच्या दारात. काकू एकट्या राहतात, जिन्यात टिकलीचे केस पडतात म्हणून कुरकुर करतात, एवढंच त्यांचं-आमचं भांडण.
"तुम्हीच काही टाकलं असंन! उंदराचं औषध आणलं होतं ना तुम्ही?"
काकूंचे हात कणकेने भरलेले. "देवाशप्पत नाही वं वनिता. मुक्या जिवाले मी कायले मारू?"
शेजारची दारं उघडली. लोक ऐकत होते. काकूंच्या डोळ्यांत पाणी. मी जिन्याच्या मधल्या वळणावर उभा. टिकली माझ्या हातात, ओल्या पोत्यासारखी. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही.
नंतर जवळच, मनीषनगरमधल्या जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर मॅडम तरुण आहेत. हिरडी दाबून पाहिली, पोट दाबलं, विचारलं, "घरातली माणसांची कोणती गोळी दिली का?"
वनिता म्हणाली, "नाही मॅडम, आम्ही कायले देऊ? विष आहे. मले माहीत आहे कोणी टाकलं ते. मी पोलिसात जातो."
मी भिंतीवरचं मांजरीचं चित्र बघत होतो.
मॅडम म्हणाल्या, विष असेल तर त्याचं औषध वेगळं. त्यांनी इंजेक्शन काढायला सांगितलं. वनिताने पर्समधून फोन काढला.
तेव्हा म्हटलं. "थांबा मॅडम. विष नाही. गोळी मीच दिली. माझी कंबरेची."
"कोणती? किती? शेवटची कधी?"
खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. तीन गोळ्या. परवा दुपारी शेवटची. मॅडम रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नाव वाचलं, घड्याळ पाहिलं, म्हणाल्या, "ह्याने पोटात जखमा होतात, किडनीला मार बसतो. कुत्र्याचं शरीर ही गोळी आपल्यासारखी पचवत नाही. मांजर तर एवढ्यात मेली असती. बरं झालं सांगितलं."
बरं झालं म्हणाल्या. वनिताने फोन परत पर्समध्ये ठेवला, चेन लावली.

२३ नोव्हेंबर, रविवार
सलाईन. पुढच्या पायाला पट्टी. रक्ताचा रिपोर्ट: किडनीचा आकडा वाढलेला. मॅडम म्हणतात, अजून वाढेल की इथे थांबेल, आज सांगता येत नाही.
सकाळी मी बसलो, दुपारी वनिता. बदली होताना ती माझ्या हातातली पाण्याची बाटली घेते. माझ्याकडे बघत नाही.

२४ नोव्हेंबर
आकडा वाढला. थोडा. मॅडम "थोडा" म्हणतात तेव्हा पेन फिरवत असतात.
टिकलीने मला पाहून शेपटी हलवली. एकदाच. का हलवते?

२६ नोव्हेंबर
उलट्या थांबल्या. आकडा तिथेच. मॅडम म्हणाल्या, आता पायाचा एक्स-रे काढून घेऊ.
मी बाहेर गेलो. स्कूटरवर बसलो. चावी लावली, परत काढली. वनिता बाहेर आली आणि नुसती उभी राहिली. मग आत गेली. मीही मागोमाग.
आता फोटो उजेडात धरत नाहीत. कॉम्प्युटरवर दाखवतात. मॅडमने बोट ठेवलं: हा खुब्याचा गोळा, ही त्याची वाटी. वाटी उथळ आहे, बहुतेक जन्मापासून. वर्षानुवर्षं घासून कडा झिजल्या, खडबडीत झाल्या. दोन्हीकडे, उजवीकडे जास्त.
मी विचारलं, "कॅन्सर?"
"नाही. कोण म्हणालं?"
कोणीच नाही. खुर्चीत बसलो. दहा दिवस आधी आलो असतो तर हेच ऐकलं असतं आणि टिकलीला घरी घेऊन गेलो असतो.
हे बरं होत नाही, पण सांभाळता येतं, म्हणाल्या. वजन उतरवायचं, तीन किलो तरी. घरभर घसरणार नाही असं काहीतरी अंथरायचं. एकदाच लांब फिरवण्याऐवजी तीनदा थोडं थोडं. उड्या बंद, जिना बंद. नखं कापायची. सकाळी कोमट कापडाने शेक. आणि कुत्र्यांची वेदनेची औषधं असतात, चांगली असतात.
"मग ती द्या ना," मी म्हटलं.
"नेहमीचं जे औषध आहे ते आता देता येत नाही. किडनी सावरेपर्यंत. सावरली तरी जपूनच. कदाचित..."
मला कळलं. ज्या औषधाने तिचं दुखणं कमी झालं असतं ते माझ्यामुळे बंद. सध्या दुसरं एक हलकं देतात, त्याने भागेल तेवढं भागेल.

२८ नोव्हेंबर
देशकर काकूंकडे गेलो. एकटा. जिन्यावरून दोनदा परत वर आलो, मग गेलो.
सगळं सांगितलं. काकूंनी बस म्हटलं नाही.
"सहा दिवस झाले. दुधवाला पण मले विचारून राहिला, काकू, कुत्र्याले काय घातलं म्हणून. तू तर तिथंच उभा होता ना गा? काहून नाही बोलला?"
"भीती वाटली, काकू."
"कोणाची? वनिताची?"
वनिताची. टिकली मेली तर, त्याची. काय सांगणार होतो? काकू म्हणाल्या, "मले नको सांगू. ज्याइनं ऐकलं त्याइले सांग."
मग एक एक दार वाजवलं. चार दारं. प्रत्येक दारात तेच वाक्य: काकूंनी काही केलं नाही, गोळी मी दिली.

१ डिसेंबर
टिकली घरी. शिवणकामातल्या उरलेल्या जाड कापडाच्या पट्ट्या जोडून वनिताने सतरंज्या केल्या, खाली रबराची जाळी. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दिवाणापर्यंत. घर रेल्वेच्या रुळांसारखं दिसतं.
खाली नेताना मी टिकलीला उचलत होतो.
"पोटाखालून हात घाला. खुब्याले धरू नका."
नऊ दिवसांत माझ्याशी पहिलं वाक्य. मी पोटाखालून हात घातला.

३ डिसेंबर
औषधांचा डबा वनिताने वरच्या फळीवर ठेवला. टिकलीचं औषध तीच देते. मी समोर उभा राहतो. तिने जा म्हटलं नाही.
शेक मी देतो. कोमट पाण्यात कापड पिळून आधी स्वतःच्या मनगटावर बघायचं, मग खुब्यावर. पहिल्या दिवशी ती दातांवरचे ओठ मागे खेचत होती. मी थांबलो. तिने ओठ सोडले, मी परत ठेवलं. असंच करत करत पाच मिनिटं.
वनिता मशीनवरून विचारते, "घाबरले होते त मले काहून नाही सांगितलं?"
आईच्या फोटोचं सांगितलं. तिला माहीत होतं, आई गेल्याचं. फोटोचं माहीत नव्हतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हे कधी बोललोच नाही.
"तुमची भीती तिच्या पोटात गेली जी," म्हणाली. रागाने नाही. त्यानेच जास्त लागलं.

५ डिसेंबर
पाणी जास्त पिते का? मॅडमने लक्ष ठेवायला सांगितलं. जास्त पिणं वाईट, कमी पिणं वाईट. भांड्यावर पेनाने खूण केली आहे. सकाळी खुणेच्या खाली, दुपारी आणखी खाली. हे जास्त की कमी? दुकानातून तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा वनिताने फोन टिकलीच्या तोंडाशी धरला. नुसता श्वास ऐकला.
आज उठताना कण्हली नाही. की मी ऐकलं नाही.
वजन वीस किलो. मॅडमला आनंद झाला. मला नाही कळत, सांध्यासाठी उतरलं की आजाराने उतरलं.

७ डिसेंबर, रविवार
काल रक्त घेतलं. रिपोर्ट उद्या अकरा वाजता, फोनवर. आकडा उतरला असेल तर तिचं खरं औषध थोडं थोडं सुरू करून बघू, म्हणाल्या. वाढला असेल तर त्या काय करतील ते मी विचारलं नाही, वनितानेही नाही.
सकाळी तिला खाली घेऊन गेलो. काकू अंगणात वाळवण घालत होत्या. टिकली कशीबशी त्यांच्यापर्यंत चालत गेली, मागचे पाय किंचित डुलत, आणि पायाशी बसली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग वाळवणाकडे. ताट थोडं सरकवलं, बसायला जागा होईल एवढं.
दुपारी वनिता शेजारी येऊन बसली, सतरंजीवरच. टिकली आमच्या मध्ये. तिच्या उजव्या मांडीवर मी हात ठेवला, वनिताने डाव्या. दोघांनी हात बदलून पाहिले. वनिता म्हणाली, सारखीच लागते. मी म्हटलं, मला अजून बारीक लागते.
उद्या मी दुकानात जात नाही. फोन आला की स्पीकरवर लावायचा असं ठरलं. वनिता म्हणते, उचलायचा मात्र तुम्हीच.