धवळ्याचं राहिलेलं कडवं

वैशाखरे,
मंगळवार

प्रिय छाया,

गणूची संगीता सापगावहून माहेरी आली, तेव्हा तुझा निरोप सांगितला. हळदीला मी जो लग्नाचा धवळा गायची, त्याचा अर्थ लिहून हवाय तुला. तुझा फोन हल्ली जावईबापूच उचलतात, म्हणून पत्रच बरं. संगीताच्याच हाती देते. अक्षर वाकडं येईल गो, तुझ्याच पाटीवर तुझ्यासंगं शिकलेलं ते.

भाताची झोडणी आटपली. कंबरेचा पार भुगा झालाय. तुझा बापूस म्हणतो, "आता बस, नायतर पेंढ्याबरोबर तुलाबी रचीन."

चाळीस वर्षं मी लोकांच्या मांडवात तो धवळा म्हटला. नवरी नवऱ्याला म्हणते, मी तुझ्या खाचरातलं रोप, इथंच रुजेन, इथंच पिकेन, जिवात जीव तोवर मूळ सोडणार नाय. बाया डोळे पुसायच्या, मीही पुसायची. जन्मभराची माया, एवढाच अर्थ मी धरून चालले.

पण धवळा तिथं संपत नाय. पुढं नवऱ्याचं कडवं आहे. रोप माझं, तर बांधही माझा, पाणी मी राखीन; पाणी तुटलं, तर आये, तुझं रोप माघारी ने. तुझ्या हळदीला माझं पहिलं कडवं झालं आणि धोंडीच्या पोरांनी डीजे लावला. माझ्यासंगं गाणारी सकुबाई ओरडली, "गा गो, अर्धा धवळा सोडू नये!" मी म्हटलं, "मरूदे, कोण ऐकतंय?" घसा बसलेला, दमले होते. तुझं कडवं म्हटलं गेलं, त्याचं राहिलं.

काल संगीता उंबऱ्यात घुटमळली. म्हणाली, छाया एवढ्या उन्हाची मनगटापर्यंत बाह्या घालते. पात पिवळी पडली की बांधावरूनच कळतं.

म्हणून हे पत्र. राहिलेलं कडवं आज कागदावर म्हणते. मूळ न सोडायचा शब्द पाणी आहे तोवरच. बापसानं पडवीतली पोती हलवून तुझी खाट टाकलीय. भाऊबीजेला संगीता येईल, तिच्यासंगं निघ. माहेरच्या सणाला कोण अडवतंय? त्याआधी जमलं तर त्याआधी ये. लोकांचं बोलणं मी ऐकीन, माझे कान म्हातारे झालेत.

तुझीच, अर्धा धवळा सोडलेली,
आई