पोवळ्याची आंघोळ

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा मुलाकडे. दोन बॅगा, काठी आणि ही नवी वही, एवढाच माझा संसार. सुनेने खोली झाडूनपुसून ठेवली होती, उशीला नवा अभ्रा होता. खिडकीतून समोरच्या घराची नुसती भिंत दिसते. पण दुपारचं ऊन त्या भिंतीवरून हळूहळू वर सरकतं, आणि ते पाहत बसायला मला भरपूर वेळ आहे. आमची ही गेल्यापासून जुन्या घरात भांडं पडलं तरी पाडणारा मीच, दचकणारा मीच आणि काय पडलं म्हणून विचारणाराही मीच. इथे निदान पाडणारं दुसरं कुणी असेल.

बाहेरच्या खोलीत मुलाने समुद्र पाळला आहे. माझ्या पलंगाएवढी लांब काचेची टाकी, वर निळा दिवा, आत पंपाने खेळवलेलं खारं पाणी. मासे आहेत, पण मुलाचा जीव पोवळ्यांत. मला पोवळं ठाऊक ते अंगठीतलं. हे मऊ असतं म्हणाला. ना दगड, ना झाड, जिवंत प्राणी आहे, बाबा. मधोमध सर्वांत मोठं बसलं आहे, त्याला घरात छत्री म्हणतात. खाली जाड देठ, वर पसरट टोपी, टोपीवर शेकडो इवले हात आणि प्रत्येक हाताला आठ बोटं. गेल्या आठवड्यात वरचा दगड घसरला आणि बिचारीची कड फाटली. तेव्हापासून सगळे हात आत ओढून रुसून बसली आहे.

ती माझ्याकडे सोपवली आहे. या वयात कुणी काही सोपवलं की बरं वाटतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मुलाने सकाळी सडलेली कड ब्लेडने कापून टाकली आणि मला शुश्रूषा शिकवली. रबरी हातमोजे घालायचे, कारण तिचा चिकट स्राव आपल्या हाताला बाधतो. बादलीत टाकीतलंच पाणी घ्यायचं, चहाचा रंग येईपर्यंत आयोडीन टाकायचं, छत्री देठाशी धरून त्यात बुडवायची, मग साध्या खाऱ्या पाण्यात विसळून परत जागेवर. एक दिवसाआड अशी आंघोळ. किती वेळ धरायची, तर तो मोबाइलवर गजर लावून द्यायला निघाला.

मी म्हटलं, ठेव तुझा गजर. उभा जन्म मी अंडं उकडलं ते नदीच्या कवितेवर आणि इस्त्री तापवली ती वाटसरूच्या. तिसरी ते सातवीच्या पुस्तकांतल्या सगळ्या कविता मला पाठ आहेत आणि कुठली किती वेळ चालते तेही पाठ आहे. ही म्हणायची, तुमच्या स्वयंपाकात मीठ कमी आणि यमक जास्त. मुलगा हसला. म्हणाला, मग नदीची दोनदा म्हणा.

दोनदा म्हटली, खड्या आवाजात, बादलीवर वाकून. किती वर्षांनी पुरी कविता म्हणू दिली मला कुणी. एरवी दुसऱ्या कडव्याला लोकांना कामं आठवतात. दुसऱ्यांदा म्हणताना टोपीवर एकेक हात बाहेर आला. औषधात पोवळं मिटतं, उमलत नाही, असं मुलगा सांगून गेला होता. हिने माझं ऐकलं, असं आपलं मी समजतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

जखमेची कड गुलाबी दिसते आहे. सून म्हणाली, बाबांच्या हाताला गुण आहे. रोज एकच भाजी नको म्हणून मी प्रत्येक आंघोळीला कविता बदलतो. परवा वाटसरूची झाली, आज विहिरीची. ती म्हणताना शाळेचं कौलारू छप्पर, ओल्या पाटीचा वास, मागच्या बाकावर कुणीतरी हळूच ठेका धरलेला, सगळं डोळ्यांपुढे आलं. छत्रीचे हातही ठेक्यातच हलत होते. बादलीतलं पाणी हेलकावल्यामुळे असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अंडं टाकलं पातेल्यात आणि तोंड उघडलं, तर नदीची कविता नाही. पहिला शब्दही नाही. चालही नाही. एखादा शब्द अडला की तो जिभेच्या टोकाशी तरी असतो. इथे टोकाशी काही नव्हतं. उभा राहिलो. अंड्याचा दगड झाला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वाटसरूची गेली. विहिरीचीही. एकेक तपासून पाहिलं, मनातल्या मनात. ज्या बादलीवर म्हटल्या तेवढ्याच गेल्या आहेत, बाकीच्या जागच्या जागी आहेत.

मुलाला सांगितलं. फ्रिज चालू आहे का बघायला आपण हात लावतो, तसा त्याने माझ्या खांद्याला हात लावला. म्हणाला, वय झालं बाबा, होतं असं. वय झालं तर सगळं थोडं थोडं विसरायला हवं ना. मोजून मापून म्हटलेल्याच कशा जातात, ते सांग म्हटलं. तर सुनेकडे बघून डोळे मिचकावले. मी पाहिलं.

मग सुनेकडे माझी जुनी पुस्तकं मागितली. ती सामान आवरताना रद्दीत गेली म्हणे. तुम्हाला पाठच आहेत ना बाबा, असं म्हणाली, अगदी प्रेमाने. प्रेमाने म्हणाली म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. साठ वर्षं जपलेली पुस्तकं. माझ्या मुंजीएवढी जुनी. विचारलं असतं तर जीभ झिजली असती?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उरलेल्या कविता वहीच्या मागच्या पानांवर उतरवून काढल्या, तोंड मिटून. नुसतं लिहिलं की त्या जात नाहीत, हे कळलं.

आज आंघोळीला स्वयंपाकघरातलं घड्याळ घेतलं. ओठ घट्ट मिटून बसलो. एक हात वर आला नाही. संध्याकाळी छत्री मेणासारख्या पापुद्र्याखाली झाकली गेली, कड पुन्हा पांढरी पडली. मुलगा कामावरून आला आणि चपलाही न काढता ओरडला, बाबा, काय केलंत हिला. बाप आहे मी त्याचा. ताप आहे का म्हणून माझ्या कपाळाला हात लावायला त्याला आजवर सवड झाली नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ती बरी झाली. पुरती. कारण परवाच्या आंघोळीला घड्याळाकडे बघत असताना मी पुटपुटत होतो, ते मला सून हाक मारायला आली तेव्हा कळलं. एका बैठकीत तीन कविता गेल्या.

आणि माझ्या चिरंजीवाने काय करावं? मासे पाळणारा त्याचा एक मित्र आला. दोघांनी मिळून बरी झालेली छत्री बाहेर काढली आणि ब्लेडने चतकोर टोपी कापली, केक कापावा तशी. तुकडा पिशवीत घालून मित्राच्या हाती दिला. मी काठी आपटली. तर मुलगा म्हणाला, असंच करतात बाबा, कापलं की वाढतं ते. आता पुन्हा आंघोळी घाला, तुमचा हात चांगला आहे.

माझा हात.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तो मित्र जाळी मागायला आला होता. दाराशी उभा राहून काहीतरी गुणगुणत होता. हातातली काठी टेकवून मी ऐकत राहिलो. का ते कळेना. विचारलं, हे काय म्हणतोस. म्हणाला, असंच काका, टाकी साफ करताना तोंडात बसलंय, कुठल्यातरी नदीचं आहे.

मी त्याची कॉलर धरली. मुलाने मला ओढून बाजूला केलं आणि माझ्यादेखत माझ्या वतीने माफी मागितली. मनावर घेऊ नकोस, म्हाताऱ्याचं हल्ली असंच आहे, म्हणाला.

त्या पोराला म्हटलं, पुन्हा म्हण. त्याने घाबरत घाबरत पुरी म्हटली. सगळी कडवी. चांगली कविता आहे. मी पूर्वी कधी ऐकलेली नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वहीची मागची पानं वाचली. अक्षर माझं. ज्या पुटपुटलो त्या नुसते शब्द आहेत, बाजारभाव वाचावेत तसे. कागदावर ठेवून कविता जिवंत राहत नाही.

आंघोळ घालणार नाही म्हणून सांगितलं. मुलगा म्हणाला, मग दिवसभर करणार काय तुम्ही.

१ मार्च, शनिवार

आंघोळ बंद केली, पण टाकीपुढे बसून उरलेल्याही तोंडातून निघून गेल्या. कविता संपल्या. सगळ्या. तरी तिच्यापुढे बसलं की तोंड उघडतं. आज आमच्या हिच्याबद्दल बोललो. लग्नाआधी पहिल्यांदा पाहिलं ते, आजारपणातलं ते, सगळं. आवरत नव्हतं. ती काचेला टेकून ऐकत होती, सगळे हात माझ्याकडे —

जेवताना मुलाला विचारलं, तुझ्या आईच्या कपाळावर तीळ कुठल्या बाजूला होता.

तो म्हणाला, हनुवटीवर होता बाबा. तुम्हीच तर त्यावरून तिला चिडवायचात.

आई हा शब्द समजतो. पुढे —

३ मार्च, सोमवार

एक अजून शाबूत आहे. राग. पुस्तकांचा, माझ्या वतीने मागितलेल्या माफीचा, त्या डोळे मिचकावण्याचा, खांद्यावरच्या हाताचा. सकाळी उठलो की तोच आधी उठलेला असतो. तो आहे तोवर या घरात मी कुणीतरी आहे.

उद्या दोघं कामावर गेली की तिला बाहेर काढून उन्हात टाकणार. वाळू दे. आत माझं जे काही आहे, तेही वाळेल. वाळू दे. दुसऱ्याच्या तोंडात बसण्यापेक्षा —

४ मार्च, मंगळवार

काढली. मोरीत ठेवली. ऊन तिथवर येतं.

निघून यायचं होतं. पण आधी ऐकवायचं होतं तिला. चोर म्हणालो. मग मुलाचं काढलं. सुनेचं. रद्दीचं. एवढा मोठ्याने मी आयुष्यात कधी — घसा फुटेस्तोवर — एकूण एक सगळं —

पाण्याबाहेर होती. उन्हात. तरी उमलली. एकेक हात —

मग मीच उचलून परत —

५ मार्च, बुधवार

छान दिवस. ऊन भिंतीवर.

दोघं घरी आली. तो म्हणाला, बाबा, किती दिवसांनी शांत दिसताय. ती पण तेच म्हणाली. माणसं चांगली आहेत. कुणाची ते विचारलं नाही.

छत्री केवढी झाली आहे. उद्या चार-पाच जण तुकडे न्यायला येणार म्हणे. त्याने ब्लेड काढून ठेवलं. मी म्हटलं, बादली मी धरतो.

पाणी गार आहे. हात घातला की काहीतरी सांगावंसं वाटतं. सांगायला आता