बाइंडरकाकांच्या नावावरची त्रेचाळीस पुस्तकं

मी, या कागदाखाली सही करणारी, वय शेहेचाळीस, सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोक्याला सतरा टाके पडलेल्या बाईच्या शुद्धीवर माझा धाकटा भाऊ शंका घेईल, म्हणून डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. "कोणाच्याही दडपणाशिवाय" असं लिहिण्याची पद्धत आहे, पण ते खरं होणार नाही. सोमवारी मला न्यायालयात त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची आहे. तो जामिनावर बाहेर आहे. परवा त्याचा आवाजी निरोप आला: "ताई, साक्ष दिलीस तर मला बहीण नाही आणि तुला मंगळवार नाही." तो निरोप मी जपून ठेवला आहे. जपून ठेवणं हेच माझं काम.

१. आईवडिलांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा, म्हणजे मागची खोली, स्वयंपाकघर आणि जिन्याचा हक्क, मी वाचनालयाचे बाइंडरकाका आणि काकू यांना देत आहे. काकांना हे मान्य नाही. काल म्हणाले, "घरं वाटत सुटलात की काय, बाई? मला मागच्या भिंतीला तुमचा भाऊ शेजारी नकोय." मुद्दा योग्य आहे. तरी कलम ठेवते. हवं तर विकून टाकावं.

२. वरच्या कलमाचं कारण न्यायालयाला समजावं म्हणून लिहिते.

बारा वर्षांपूर्वी मी वाचनालयाचं ऑनलाइन पान सुरू केलं. धाकटा तेव्हा बेकार होता, त्याने ते बांधून दिलं आणि शिकवलं. पहिल्याच आठवड्यात कुठल्या तरी दूरच्या गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या बाईंनी विचारलं, "मला कोणी एक प्रकरण वाचून दाखवेल का?" त्या दिवशी संध्याकाळी चौघांनी वाचून दाखवलं. मी रडले होते. मग मला दुसरं काही सुचेना. जेवताना फोन, देवघेवीच्या टेबलाशी फोन. आमचे निवृत्त ग्रंथपाल सर म्हणाले, "वाचक म्हणजे एका वेळी एक माणूस. गर्दीला कार्ड देता येत नाही." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "सर, तुम्ही धूळ पुसा, जग मी आणते." लोक हसले. मीही हसले.

अलीकडे पुस्तकांवर लिहिलेलं कोणी वाचेना. धाकटा म्हणाला, "ताई, लोकांना यादी नको, तमाशा हवा." म्हणून दर शनिवारी, सर्वांत जास्त पुस्तकं थकवणाऱ्या दहा वाचकांची नावं आणि कार्डावरचे फोटो पानावर आपोआप लागतील अशी सोय केली. कल्पना त्याची, परवानगी माझी.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. फाटकं पुस्तक बांधणीला गेलं की ते बाइंडरकाकांच्या कार्डावर चढवतात, म्हणजे कुठे आहे ते कळतं. हे फक्त आम्हा आतल्यांना ठाऊक. यंत्राला मी ते सांगायला विसरले. पहिल्याच शनिवारी पहिल्या क्रमांकावर काकांचा फोटो आला, खाली: त्रेचाळीस पुस्तकं.

आधी मी इथे "माझी चूक झाली" असं लिहून थांबले होते. ते पुरेसं नाही. पहिली दोन मिनिटं चूक होती. त्यानंतरचे दोन तास मला दिसत होतं आणि मी ते काढलं नाही. इतकी माणसं त्या पानावर कधी बोलली नव्हती. "चोर." "बोटं तोडा याची." कोणीतरी दुकानाचा पत्ता लिहिला. मी स्वतःला म्हटलं, जेवण झाल्यावर खुलासा टाकू, आणि डबा उघडला.

काकांचं दुकान वाचनालयाच्याच तळघरात. आरडाओरडा ऐकून मी खाली धावले तेव्हा सात जण आत होते. धाकटा सर्वांत पुढे. एकजण काकांचे केस धरून ओरडत होता, "कुठे आहेत त्रेचाळीस पुस्तकं?"

"ही काय, समोर," काका म्हणाले.

"बघा, कबूल करतोय!"

त्यांचा उजवा हात पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घातला. शिकंज्याचं चाक धाकट्याने फिरवलं, एका हाताने, कारण दुसऱ्यात फोन होता. हाडं मोडल्याचा आवाज मला आधी पुठ्ठा मोडल्यासारखा वाटला. मी पुढे गेले तर तो म्हणाला, "ताई, सगळे बघतायत, मध्ये येऊ नकोस." त्याने आणखी एक फेरा दिला.

मी टेबलावरचं लोखंडी वजन उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. तीन दात पडले. तो खाली बसला, हातांनी तोंड झाकून. मी पुन्हा मारलं. त्या दुसऱ्या घावाची गरज नव्हती, आणि तो मारताना मला बरं वाटलं. सोमवारी मी हेही सांगणार आहे. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मागून कोणीतरी माझ्या डोक्यात स्टूल घातलं. पुढचं मला आठवत नाही.

काकांची तीन बोटं कापावी लागली.

३. ते लोखंडी वजन खटला संपल्यावर परत मिळालं, तर धाकट्याला द्यावं. धुऊ नये. लहानपणी त्याची नखं मीच कापत असे, आई जवळ घेऊ गेली तरी तो "ताईच" म्हणायचा. हे कोणत्या कलमात बसतं मला कळत नाही.

४. त्याच्या फोनमधून सर्वांना दिसलेल्या त्या चित्रणाची एक प्रत माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे, दुसरी डॉक्टरीणबाईंकडे. सोमवारी मी हजर नसले तर दोन्ही न्यायाधीशांकडे द्याव्यात.

५. पान बंद करू नये. मला ते पेटवून द्यावंसं वाटतं, पण त्याच पानावर रुग्णालयातून निरोप गेला तेव्हा काकांना रक्त द्यायला एकोणीस जण आले. त्यांतल्या दोघांनी सकाळी "चोर" लिहिलं होतं. याचा अर्थ मला लागलेला नाही. पानाच्या माथ्यावर या मृत्युपत्राचं दुसरं कलम कायम राहावं, माझ्या फोटोसह.

६. माझ्या सत्तावीस रोजनिशा निवृत्त ग्रंथपाल सरांना द्याव्यात. सर, तुमची क्षमा मागायला मी तीनदा फोन उचलला. तिन्ही तारखा आत सापडतील.

७. त्रेचाळीसपैकी बेचाळीस पुस्तकं बांधून परत आली आहेत. शेवटची अकरा काकांनी डाव्या हाताने शिवली. टाके वाकडे आहेत, ते उसवून कोणी सरळ करू नयेत. त्रेचाळिसावं त्या दिवशी शिकंज्याशेजारी उघडं होतं. त्याच्या पानांत रक्त मुरलं आहे. समिती म्हणते, रद्द करा. करू नये.

ते काकांच्या कार्डावरून मी आज उतरवलं. आता त्यांच्या नावावर काहीही बाकी नाही. ते माझ्या कार्डावर चढवलं आहे, मुदत चौदा दिवस. सोमवारी ते घेऊन मी साक्षीला जाणार आहे. मुदतीत परत आलं नाही, तर यादीत माझं नाव पहिलं लावावं.

साक्षीदार:
पहिल्या, माझे टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाई. (सही)
दुसऱ्या, वाचनालयात झाडलोट करणाऱ्या मावशी. (सही) काकूंना सही करायची होती, पण हिस्सा घेणाऱ्याची साक्ष चालत नाही. मावशी सही करताना म्हणाल्या, "एवढं सगळं लिहिलंत, पण मागच्या खिडकीची कडी मोडलीय ती कधी बसवणार?" आज बसवते.

स्थळ: वाचनालय, देवघेवीचं टेबल.
दिनांक: शुक्रवार. पुस्तकावर मारलेला तारखेचा शिक्का या कागदावरही मारला आहे.

(सही)
ग्रंथपाल